बहिणीचे घर आणि मैत्रिणीचे लग्न: जूनमधल्या स्कँडिनेव्हिया प्रवासाची तयारी

यंदा जूनमध्ये मी आईला घेऊन चोवीस दिवसांसाठी स्कँडिनेव्हियात जाणार आहे. धाकटी बहीण, तिचे यजमान आणि साडेपाच वर्षांचा भाचा स्वीडनमधल्या गोथेनबर्गला राहतात, आणि २७ जून २०२६ रोजी नॉर्वेतल्या वॉस या गावी माझ्या जिवलग मैत्रिणीचे लग्न आहे. दोन्ही कारणे आनंदाची असली तरी वाटेतला डेन्मार्क धरून देश तीन, चलने तीन आणि रीतीही थोड्याफार वेगळ्या, त्यामुळे जानेवारीपासूनच मी तयारीची यादी लिहायला घेतली. ती लिहिताना लक्षात आले की निम्म्याहून अधिक नोंदी सामान भरण्याच्या नसून कोणाला तरी काही तरी वेळेत कळवण्याच्या आहेत. आपल्याकडे पाहुणा न सांगता दारात उभा राहिला तरी त्यात आपलेपणा मानतात. तिकडे यजमानाला आधी आणि स्पष्ट कळवण्यात त्याचा मान राखला जातो. म्हणून ही यादी बॅगांप्रमाणे न लावता कामे ज्या क्रमाने करावी लागली त्या क्रमाने लावली आहे.

सर्वांत आधी तारखा पक्क्या कराव्यात, आणि त्यासाठी आठवड्यांचे क्रमांक असलेली दिनदर्शिका जवळ ठेवावी. मैत्रिणीने पहिल्यांदा कळवले ते ‘सव्विसाव्या आठवड्यातल्या शनिवारी लग्न आहे’ असे. तिकडे रजा, शाळेच्या सुट्ट्या, भेटीगाठी सगळे आठवड्याच्या क्रमांकाने बोलतात. आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो पहिला आठवडा. त्या हिशेबाने यंदाचा सव्विसावा आठवडा २२ ते २८ जूनचा आहे. मोबाइलच्या दिनदर्शिकेत हे क्रमांक दिसण्याची सोय असते. ती सुरू केल्यापासून बहिणीचे निरोप मला पहिल्या वाचनात कळू लागले.

तारखा ठरल्यावर व्हिसाचे काम. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे हे तिन्ही देश २५ मार्च २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नसला तरी शेंगेनमध्ये आहे, म्हणून तिन्हींसाठी एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र कोणत्याही देशाकडे करून चालत नाही. जिथे मुक्काम सर्वांत जास्त त्या देशाकडे करायचा असतो, आणि मुक्काम सारखेच असतील तर जिथे प्रथम उतरणार त्या देशाकडे. आमच्या पंधरा रात्री स्वीडनमध्ये, सहा नॉर्वेत आणि दोन डेन्मार्कमध्ये आहेत, त्यामुळे विमान कोपनहेगनला उतरत असूनही अर्ज स्वीडनकडे केला. लग्न नॉर्वेत म्हणून नॉर्वेकडे अर्ज करावा असे आईचे म्हणणे होते. रात्री मोजून दाखवल्यावर तिचीही शंका फिटली. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण ते पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतात, म्हणून मार्चअखेरीस अर्ज देऊन टाकणे मला योग्य वाटले. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, त्यावर अर्ज केंद्राचा आकार वेगळा.

कागदपत्रांमध्ये माझ्यासाठी कार्यालयाचे रजेचे पत्र, आयकर विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे, तर आईसाठी निवृत्तिवेतनाचे कागद लागले. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत दिलेला हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत. बहिणीकडून दोन कागद मागवावे लागले: तिने भरून सही केलेला निमंत्रणाचा अर्ज आणि तिथल्या कर खात्याकडून मिळणारा लोकसंख्या नोंदणीचा दाखला, ज्याला स्वीडिश भाषेत ‘पेर्शूनबेवीस’ म्हणतात. इथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. मराठी माणसाच्या पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव त्याच रकान्यात छापलेले असते. बहिणीने पहिल्यांदा पाठवलेल्या निमंत्रणात आईचे नाव आणि आडनाव होते, मधले नाव नव्हते, आणि विमानाच्या तिकिटावर मात्र तिन्ही नावे होती. तो कागद मी परत पाठवला आणि पासपोर्टच्या छायाचित्रावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवून नवा करून घेतला. नाव जसे पासपोर्टवर तसेच निमंत्रणावर, तिकिटावर आणि विम्यावर असावे, हे लिहून भिंतीवर लावण्याइतके महत्त्वाचे आहे. मैत्रिणीनेही लग्नाची तारीख, ठिकाण आणि आमचा मुक्काम सांगणारे इंग्रजी पत्र दिले; ते प्रवासाच्या कार्यक्रमासोबत जोडले.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा असावा लागतो. ज्येष्ठांच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिले आहे ते विमा घेण्यापूर्वी वाचावे, नंतर नव्हे. आईच्या रक्तदाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या चोवीस दिवसांच्या आणि वर एका आठवड्याच्या, मूळ पट्ट्यांमध्येच ठेवून हातातल्या पिशवीत घ्यायच्या आहेत. सोबत डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी हवी, कारण इथल्या कंपनीची नावे तिकडच्या औषध दुकानात कोणी ओळखणार नाही. एका जाड कार्डावर मी आईसाठी मोठ्या अक्षरांत तातडीचे क्रमांकही लिहिले आहेत: स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये सर्व कारणांसाठी ११२, नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३, पोलिसांसाठी ११२ आणि आगीसाठी ११०, तर स्वीडनमध्ये तब्येतीचा साधा सल्ला हवा असेल तर ११७७.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बाहेरच्या नागरिकांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेण्याची नवी नोंदणी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे उतरल्यावर रांगेत वेळ जाईल असे धरूनच पुढचा प्रवास आखावा. आयुष्यभर घरकाम केलेल्या बायकांचे ठसे पुसट झालेले असतात. व्हिसाच्या वेळी आईचा उजवा अंगठा यंत्राने चार वेळा नाकारला, आणि तिथल्या मुलीने ओल्या कापडाने बोटे पुसून, जरा दाबून धरून पाचव्यांदा तो घेतला. तेव्हापासून आई रोज रात्री हातांना खोबरेल चोळते, आणि हातपिशवीत ओले रुमाल ठेवण्याची नोंद मी यादीत वर नेऊन ठेवली आहे.

कोपनहेगनच्या विमानतळाखालूनच स्वीडनकडे जाणारी गाडी मिळते. ऊरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडणारा पूल जुलै २००० मध्ये खुला झाला. सुमारे चार किलोमीटरचा बोगदा, मग पेबरहोम हे कृत्रिम बेट आणि त्यापुढे जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल असा तो मार्ग आहे, आणि वीसेक मिनिटांत माणूस माल्मोला पोहोचतो. शेंगेनमध्ये सीमा तपासणी नसते हे खरे, पण स्वीडनने तात्पुरती तपासणी ठेवलेली असल्याने ह्युली स्थानकावर पोलीस गाडीत येऊन पासपोर्ट पाहू शकतात. तो वरच्या फळीवरच्या बॅगेत ठेवू नये. गोथेनबर्गपर्यंतच्या या प्रादेशिक गाडीला आसन राखून ठेवावे लागत नाही, म्हणून विमानाला उशीर झाला तरी पुढची गाडी धरता येते. लांब प्रवासानंतर वयस्कर माणसाला घेऊन जाताना ही मोकळीक मला फार मोलाची वाटली. स्थानकावरच्या फलकांवर गोथेनबर्गचे स्वीडिश नाव असते आणि ऐकताना ते ‘योतेबोरी’ असे ऐकू येते, हेही आईला आधीच सांगून ठेवले आहे.

नॉर्वेतला प्रवास याच्या उलट, आसने राखूनच करावा. ओस्लो ते बर्गेन हा रेल्वेमार्ग १९०९ मध्ये पुरा झाला. तो हार्डांगरविडाच्या पठारावरून जातो आणि फिनसे हे त्यावरचे सर्वांत उंच स्थानक समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटरवर आहे, म्हणून जूनमध्येही एक स्वेटर हाताशी ठेवावा. आमचे वॉस याच मार्गावर, बर्गेनच्या अलीकडे आहे. उन्हाळ्यात रुळांची कामे निघतात आणि काही टप्प्यांवर गाडीऐवजी बस असते. तिकीट काढताना आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात ‘एन्टूर’ या नॉर्वेच्या प्रवास नियोजनाच्या अ‍ॅपवर हे पाहावे, कारण बस असेल तर मोठ्या बॅगा स्वतः उचलून चढवाव्या लागतात. लग्नाच्या आदल्या दिवशी पोहोचण्याऐवजी मी दोन दिवस आधी पोहोचण्याचे ठरवले आहे. मुक्कामाची खोली पाहुण्यांनी आपली आपण राखायची असते, आणि लहान गावात लग्नाच्या शनिवारी खोल्या भरतात, म्हणून ते काम निमंत्रण आल्याच्या दिवशीच उरकले.

पैशांबाबत थोडक्यात. तिन्ही देशांत क्रोनच चालतो, पण डॅनिश, स्वीडिश आणि नॉर्वेजियन क्रोन ही तीन वेगळी चलने आहेत आणि एकाची नोट दुसऱ्याकडे चालेल असे धरू नये. रोख रक्कम फारशी लागतच नाही, कारण स्वीडनमध्ये कित्येक दुकाने रोख घेत नाहीत आणि स्थानकावरच्या स्वच्छतागृहालाही कार्ड लागते. तिथले लोक मोबाइलवरून ज्या सोयींनी पैसे देतात त्यांना तिथलेच बँक खाते लागते, त्या आपल्या उपयोगाच्या नाहीत. म्हणून दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत, परदेशातले व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून निघण्यापूर्वी सुरू करावेत आणि पिन पाठ असावा.

आता वानवळ्याचा विषय, ज्यावर घरात सर्वांत जास्त चर्चा झाली. लेकीकडे जायचे म्हणजे आईच्या मनात पेढे, लोणकढे तूप आणि हापूसची पेटी, आणि नेमक्या याच तीन गोष्टी नेता येत नाहीत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस किंवा दूध आणि त्यांचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यात पेढे, खवा, तूप, श्रीखंड सगळे आले. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते; नारळ, केळी, अननस अशा मोजक्या फळांना सूट आहे, आंब्याला नाही. फळमाशी सापडल्यामुळे २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपीय संघाने भारतीय आंबाच थांबवला होता आणि जानेवारी २०१५ मध्ये ती बंदी उठली, यावरून तिकडे हा विषय किती गांभीर्याने घेतात ते कळेल. ताजा कढीपत्ताही याच कारणाने ठेवून द्यावा. बहिणीने मागवलेली यादी सुदैवाने कोरड्या जिनसांची आहे: गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुले, हिंग आणि लसणाची चटणी. शेंगदाण्याची चिक्की आणि तेलात तळलेल्या चकल्या मी माझ्या मनाने घातल्या. प्रत्येक पुडी दुहेरी पिशवीत बंद करून वर इंग्रजीत नाव आणि घटक लिहिले आहेत, कारण हिंगाच्या वासाची बिनचिठ्ठीची पुडी पाहून कोणीही विचारेल आणि दमलेल्या अवस्थेत उत्तर शोधण्यापेक्षा चिठ्ठी वाचायला देणे सोपे. भाच्यासाठी मराठी गोष्टींची चार पुस्तके आहेत. आजीने ती वाचून दाखवायची हे फोनवर ठरलेले आहे.

बहिणीच्या घरी राहताना तिच्या दिनक्रमात आपण बसावे, यासाठीही तयारी लागते. इमारतीत कपडे धुण्याची सामायिक खोली आहे आणि कुटुंबांनी तिथली वेळ आगाऊ राखायची असते. खोलीच्या दाराशी एक फलक आहे, त्यावर तारखांची भोके आहेत आणि प्रत्येक घराचे एक लहानसे कुलूप; ज्या भोकात कुलूप, ती वेळ त्या घराची. दोन माणसे पंधरा दिवसांसाठी वाढणार म्हणून बहिणीने जादा वेळ आधीच राखली, आणि आम्ही रोज धुवावे न लागणारे कपडे निवडले. घरात चप्पल-बूट घालत नाहीत, त्यामुळे आईला वेगळे वाटण्याचे कारण नाही. थंड फरशीसाठी जाड मोजे मात्र घ्यावेत. १९ जूनचा शुक्रवार हा स्वीडनमधल्या मध्यग्रीष्माच्या सणाचा दिवस आहे. पानाफुलांनी सजवलेल्या खांबाभोवती फेर धरतात, नवे बटाटे, खारवलेले हेरिंग मासे आणि स्ट्रॉबेरी खातात, आणि दुकाने लवकर बंद होतात किंवा उघडतच नाहीत. शाकाहारी आईला बटाटे आणि स्ट्रॉबेरी भरपूर मिळतील, पण भाजीपाला गुरुवारीच आणून ठेवायला हवा.

त्या दिवसांत गोथेनबर्गला रात्री दहानंतर सूर्य मावळतो आणि वॉसला त्याहूनही उशिरा, म्हणून झोपेसाठी डोळ्यांवरची काळी पट्टी घेतली आहे. गवतातून किंवा बेटांवरच्या पायवाटांनी फिरून आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानांमागे गोचीड चिकटली नाही ना हे पाहायचे आहे, कारण तिथल्या गोचिडीमुळे आजार होतात. ती काढण्याचा लहान चिमटा औषधांच्या डब्यात टाकला आहे. लांब बाह्यांचे कपडे आणि पायजम्याची टोके मोज्यांत खोवणे हा सोपा उपाय आहे.

लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी दोन अक्षरे होती, त्यांचा अर्थ ‘उत्तर अपेक्षित’ असा, आणि पुढे तारीख. त्या तारखेच्या आत येणार की नाही, किती जण, आणि काय खात नाही हे कळवलेच पाहिजे, कारण बसण्याच्या जागा आणि ताटे माणशी ठरतात. मी आई शाकाहारी आहे एवढेच न लिहिता मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत, दूध चालते असे फोड करून लिहिले, कारण मासे खाणारा माणूसही कुठे कुठे शाकाहारी समजला जातो. मद्य घेत नसल्याचेही कळवले. ‘स्कोल’ म्हणून पेला उंचावताना त्यात सरबत असले तरी हरकत नसते, समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे मात्र रीतीचे आहे.

पोशाखाच्या ओळीत ‘बूनाद किंवा मर्क ड्रेस’ असे लिहिले होते. नॉर्वेजियन भाषेत ड्रेस म्हणजे पुरुषांचा सूट, तोही गडद रंगाचा; आणि बूनाद म्हणजे आपापल्या प्रांताचा पारंपरिक वेश. या वेशाबद्दल जितके समजत गेले तितकी आमची काळजी मिटत गेली. बऱ्याच मुलींना तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास, चर्चमधल्या विधीच्या निमित्ताने मिळतो. त्यावरचे भरतकाम, चांदीचे ब्रोच, पोलक्याचा रंग हे सगळे कोणत्या खोऱ्यातले हे सांगणारे असते. तो महाग असतो, जपून ठेवतात, आजीचा नातीकडे जातो. पैठणीचे आपल्याकडे जे स्थान, जवळजवळ तेच. जिथे पाहुणे आपल्या मातीचा वेश घालून येतात तिथे नऊवारी किंवा पैठणी उठून दिसेल का, हा प्रश्न मागे पडला. आईची जांभळी पैठणी ठरली आहे, माझी हिरवी. पांढऱ्या किंवा मोतिया रंगाची साडी मात्र नेऊ नये, तो रंग नवरीचा.

पैठणी मलमलीच्या कापडात गुंडाळून, घडीच्या जागी मऊ कापडाची सुरळी ठेवून भरावी, आणि जरीवर अत्तर फवारू नये. वॉसला जूनमध्येही दुपारी पंधरा-सोळा अंशांच्या आसपास हवा असते आणि पाऊस केव्हाही येतो, म्हणून परकराच्या आत लोकरीचे पायमोजे, लांब बाह्यांचे पोलके, वर शाल आणि साडीसकट झाकेल असा पावसाळी कोट घेतला आहे. तेराव्या शतकातल्या दगडी चर्चमध्ये विधी आहे, तेव्हा उंच टाचांऐवजी पकड असलेले सपाट बूट. सेफ्टी पिना मोठ्या बॅगेत. सोन्याचे दागिने जितके कमी तितके बरे. जे न्यायचे त्यांची छायाचित्रे आणि मूल्यांकन जवळ ठेवून निघताना आपल्या विमानतळावर सीमाशुल्क खात्याकडून निर्यातीचा दाखला घ्यावा, म्हणजे परतताना तेच दागिने आपले असल्याचे दाखवता येते.

जेवण चार-पाच तास चालते आणि त्यात भाषणे होतात. ज्याला बोलायचे आहे त्याने टोस्टमास्टरला, म्हणजे भाषणांचा क्रम सांभाळणाऱ्या व्यक्तीला, आधी लिहून कळवायचे असते. ऐन वेळी उठून बोलणे बरे दिसत नाही. त्या व्यक्तीचा पत्ता निमंत्रणपत्रिकेवरच असतो. मी चार मिनिटे मागितली आहेत. नवरी आणि मी स्वीडनमधल्या लुंड या विद्यापीठाच्या गावी एका खोलीत दोन वर्षे राहिलो. पहिल्या हिवाळ्यात बाबा गेल्याचा फोन आला त्या रात्री तिने न बोलता माझी बॅग भरली, आणि विमानतळापर्यंत सोबत आली. तेवढेच सांगायचे आहे. भाषण इंग्रजीत लिहून, मोठ्याने वाचून, घड्याळ लावून पाहिले आहे, आणि शेवटचे आशीर्वादाचे वाक्य आई मराठीत म्हणेल.

आहेर नवरा-नवरीने दिलेल्या इच्छायादीतून निवडला आहे; ती यादी पाहून वस्तू राखली की दुसरा कोणी तीच घेत नाही. आईला मात्र नवरीची ओटी भरायची आहे. चर्चमध्ये किंवा जेवणाच्या वेळी त्याला जागा नाही, म्हणून मी मैत्रिणीला लिहून विचारले, ओटी म्हणजे काय, कपाळावर कुंकू लागेल, पदरात तांदूळ आणि नारळ पडेल, हे सगळे समजावून. तिने आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तिच्या आईच्या घरी बोलावले आहे आणि तिची आजीही येणार आहे. गुळेदगुड्ड्याचा खण, हळद-कुंकवाच्या दोन पुड्या आणि सुपारी सोबत आहे. नारळ आणि तांदूळ गोथेनबर्गच्या किराणा दुकानातून घेणे सोयीचे. पदराऐवजी ओटी कशात घ्यायची हा प्रश्न आजींनी सोडवला: त्या बूनादचा पांढरा भरतकामाचा एप्रन बांधणार आहेत नातीला.

किरकोळ बाबींत दोन गोल पिनांचा अ‍ॅडॅप्टर, कारण आपली तीन पिनांची प्लग तिकडे बसत नाही, आणि स्वीडनमध्ये घेतलेले सिम, जे डेन्मार्क आणि नॉर्वेतही जादा आकाराशिवाय चालते. जूनमध्ये आपले घड्याळ तिकडच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, हे कार्यालयाला कळवून ठेवले आहे. शेजारच्या काकूंकडे किल्ली आणि तुळशीला पाणी घालण्याचे काम दिले आहे, वर्तमानपत्र आणि दूध ८ जूनपासून बंद. यादीतली एकच ओळ अजून रिकामी आहे: आईच्या पावसाळी कोटाचे माप, आणि त्यासाठी उद्या संध्याकाळी तिला पैठणी नेसवून दुकानात न्यायचे आहे.